नव्याला जुने म्हणणारे पान

घरातील विजेचा दिवा लागेनासा झाला, म्हणजे सुज्ञ मनुष्य काय करतो? तो लगेच दिवा काढून फेकून देत नाही. प्रथम तो शेजारच्या खोलीतील दिवा लावून पाहतो. तो लागला, तर घरात वीज आहे आणि दोष पहिल्या दिव्यात किंवा त्याच्या बटणात आहे, हे त्याला कळते. तो लागला नाही, तर शेजाऱ्याच्या घराकडे तो दृष्टी टाकतो. तेथेही अंधार असेल, तर दोष आपल्या घरात नाहीच, हे उघड होते. केवळ दोन साध्या निरीक्षणांनी त्याने बिघाडाची जागा जवळजवळ निश्चित केलेली असते. उतावळा मनुष्य मात्र दिवा काढतो, बटण उघडतो, तारा ओढतो आणि तासाभराने त्याला समजते की, साऱ्या गावाचीच वीज गेली होती! तोपर्यंत चांगले असलेले बटण मात्र त्याने मोडून ठेवलेले असते.

दिव्याइतकीच नित्याच्या उपयोगाची झालेली आजची एक वस्तू म्हणजे वेबसाइट. परीक्षेचा निकाल पाहावयाचा असो, सातबाराचा उतारा काढावयाचा असो, रेल्वेचे तिकीट घ्यावयाचे असो किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असो, आपणांस कोणत्या ना कोणत्या वेबसाइटचे दार ठोठवावे लागते. काल नीट चालणारी वेबसाइट ब्राउझर अद्ययावत होताच आज एकाएकी बंद पडते, असा अनुभव पुष्कळांना येतो. अशा वेळी कोणी संगणकाला दोष देतो, कोणी इंटरनेटला, तर कोणी नशिबाला. परंतु बिघाडाला नशीब कारण नसते. त्याचे कारण असते, आणि ते पद्धतशीर शोधले तर बहुधा सापडते. हा शोध कसा घ्यावयाचा, ते आपण ह्या पाठात पाहू.

प्रथम वेबसाइट आणि ब्राउझर ह्यांचे नाते समजून घेतले पाहिजे. टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने जिनिव्हाजवळील 'सर्न' ह्या संशोधनसंस्थेत काम करीत असताना १९८९ साली 'वर्ल्ड वाइड वेब'ची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी जगातील पहिला ब्राउझर तयार केला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्व जगाला विनामूल्य खुले करून दिले. तेव्हापासून मूळ व्यवस्था आहे ती अशी : वेबसाइटचे पान आपल्या संगणकाकडे येते, ते तयार चित्राच्या रूपाने येत नाही. मजकूर कोणता, तो कोठे ठेवावा, बटण दाबल्यावर काय व्हावे, अशा सूचनांच्या रूपाने ते येते. त्या सूचना वाचून आपल्यासमोर पान उभे करण्याचे काम ब्राउझर करतो. वेबसाइट म्हणजे पाककृतीचा कागद आणि ब्राउझर म्हणजे ती कृती वाचून पान वाढणारा आचारी, असे म्हटले तरी चालेल. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज हे असेच निरनिराळे आचारी होत.

आता, कागद तोच असला तरी आचारी बदलला तर पदार्थात फरक पडू शकतो. ब्राउझर अद्ययावत होतो, म्हणजे आचाऱ्याला नवे शिक्षण मिळते. हे शिक्षण आवश्यक असते. ब्राउझरमध्ये राहून गेलेल्या फटींतून चोर आत शिरू शकतात. त्या फटी बुजविल्या जातात. नव्या सोयी जोडल्या जातात. जुन्या, धोकादायक रीती बंद केल्या जातात. म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने ब्राउझरची नवी आवृत्ती येत राहते आणि पुष्कळदा ती आपल्या नकळत बसते. जुनी पाने मोडू नयेत, ह्याची काळजी ब्राउझर तयार करणारे मोठ्या निष्ठेने घेतात. जगातील पहिली वेबसाइट सर्नने २०१३ साली तिच्या मूळ पत्त्यावर पुन्हा मांडली. त्या आरंभकाळातील साधी पाने आजच्या ब्राउझरमध्येही वाचता येतात. तरीही कोट्यवधी पानांपैकी काही पाने प्रत्येक मोठ्या बदलाच्या वेळी अडखळतातच.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावयास हवी. 'ब्राउझर बदलल्यानंतर वेबसाइट बंद पडली' आणि 'ब्राउझर बदलल्यामुळे वेबसाइट बंद पडली' ही दोन विधाने एक नव्हेत. 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. फांदी आतून किडलेली असते. बिचाऱ्या कावळ्यावर उगीच आळ येतो. ह्यालाच संस्कृतात 'काकतालीय न्याय' म्हणतात. एका घटनेच्या पाठोपाठ दुसरी घडली, एवढ्यावरून पहिलीला दुसरीचे कारण मानता येत नाही. त्यासाठी पुरावा लागतो. तो कसा मिळवावा, हे एका काल्पनिक प्रसंगावरून पाहू. प्रसंग काल्पनिक असला, तरी त्यातील बिघाड मात्र खऱ्या बिघाडांसारखाच आहे.

अशी कल्पना करा की, २०२२ सालचा एप्रिल महिना आहे. एका खेड्यातील शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज भरणे चालू आहे. अकरा मुलींचे अर्ज भरावयाचे राहिले आहेत आणि मुदत दुसऱ्याच दिवशी संपणार आहे. शाळेच्या कार्यालयातील संगणकावर लेखनिक अर्जाचे पान उघडतात, तो काय! अर्जाच्या जागी एकच वाक्य झळकते : 'आपला ब्राउझर फार जुना आहे. कृपया तो अद्ययावत करावा.'

"हे कसे शक्य आहे?" लेखनिक उद्गारतात. "हा ब्राउझर तर काल रात्रीच अद्ययावत झाला आहे!"

मुली हिरमुसल्या होतात. त्यांतील एकीच्या पुढच्या वर्षाच्या वह्या-पुस्तकांचा सारा खर्च ह्या शिष्यवृत्तीवर अवलंबून आहे. लेखनिक म्हणतात, "हा संगणकच निकामी झाला आहे. सारे पुसून नव्याने बसवून घेऊ." परंतु विज्ञानाच्या बाई त्यांना थांबवितात.

"थांबा, भाऊ," त्या म्हणतात, "काय बिघडले आहे हे कळण्यापूर्वी आपण काहीच पुसावयाचे नाही. मुलींनो, वही घ्या. आपण जे जे करू, ते ते एकीने लिहून ठेवा. आणि एक नियम पाळू : एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची."

"एकच का, बाई?" एक मुलगी विचारते.

"दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि पान उघडले, तर कोणत्या गोष्टीमुळे उघडले हे तुला कसे कळेल?"

मुलीला ते पटते. पहिली नोंद म्हणून ती पडद्यावरचे वाक्य जसेच्या तसे उतरून घेते. 'पान चालत नाही' एवढेच लिहून भागत नाही. काय दिसले, कोणते बटण दाबल्यावर दिसले आणि किती वाजता दिसले, हे सारे लिहावे लागते. वैद्याकडे जाऊन 'मला बरे नाही' एवढेच सांगणारा रोगी आणि 'काल रात्रीपासून पोटात उजव्या बाजूला दुखते' असे सांगणारा रोगी ह्यांत जो फरक आहे, तोच येथेही आहे.

मग शोध सुरू होतो. दुसऱ्या दोन वेबसाइटी उघडून पाहिल्या, त्या उघडतात. म्हणजे इंटरनेट ठीक आहे. संगणकाचे घड्याळ पाहिले. तारीख व वेळ बरोबर आहेत. घड्याळ चुकलेले असेल, तर वेबसाइटच्या ओळखपत्राची मुदत संपली आहे अशी ब्राउझरची चुकीची समजूत होते आणि तो दार बंद करतो. म्हणून हीही तपासणी आवश्यक असते. त्यानंतर बाई कंट्रोल आणि शिफ्ट ह्या कळा दाबून धरून आर ही कळ दाबण्यास सांगतात. ह्यामुळे पान पुन्हा नव्याने मागविले जाते. ब्राउझर एकदा आणलेल्या पानांचे काही भाग 'कॅशे' नावाच्या कोठारात साठवून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी श्रम वाचतात. कधी कधी कोठारातील शिळा भाग आणि वेबसाइटकडून आलेला ताजा भाग ह्यांचे जुळत नाही आणि पान विस्कटते. परंतु ह्या वेळी पान ताजे मागवूनही तेच वाक्य दिसते.

"आता खासगी खिडकी उघडून पाहू," बाई म्हणतात. "हिलाच क्रोममध्ये इन्कॉग्निटो म्हणतात. ह्या खिडकीत जुन्या कुकी वापरल्या जात नाहीत आणि ब्राउझरला जोडलेली एक्स्टेंशनेही सामान्यतः बंद असतात. येथे पान उघडले, तर दोष कुकींत किंवा एक्स्टेंशनांत आहे असे समजावे." कुकी म्हणजे वेबसाइटने ओळख पटावी म्हणून आपल्या ब्राउझरजवळ ठेवलेली चिठ्ठी, आणि एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेला छोटा कार्यक्रम, हे मुलींना ठाऊक असते. खासगी खिडकीतही तेच वाक्य येते. वहीत आणखी एक नोंद होते. पान उघडले नाही, म्हणून हा प्रयत्न वाया गेला असे मात्र नव्हे. दोष येथे नाही, हे कळणे म्हणजेही शोधाचे एक पाऊल पुढे पडणे होय.

शेवटी त्याच संगणकावर दुसरा ब्राउझर, म्हणजे फायरफॉक्स उघडला जातो. आणि काय आश्चर्य! अर्जाचे पान नीट उघडते. मुलींचे चेहरे उजळतात. त्या दिवशी दुपारपर्यंत अकराही अर्ज भरून होतात आणि पोहोचपावत्या छापून घेतल्या जातात.

उतावळा मनुष्य येथे थांबला असता. परंतु बाई थांबत नाहीत. "आपले काम झाले," त्या म्हणतात, "पण ह्या जिल्ह्यात अशा किती शाळा असतील! त्यांच्याही मुली खोळंबल्या असतील. कारण शोधून कळविणे हे आपले कर्तव्य आहे. भाऊ, ग्रंथालयातला संगणक महिनाभर बंद होता ना? त्यावर क्रोमच आहे. ते पान तेथे पाहू."

ग्रंथालयातील संगणकावर क्रोममध्ये पान उघडते! बाई दोन्ही ठिकाणच्या ब्राउझरच्या आवृत्त्या पाहावयास सांगतात. ब्राउझरच्या मेनूत त्याची माहिती देणारे पान असते, तेथे आवृत्तीचा आकडा लिहिलेला असतो. मुली वहीत लिहितात : ग्रंथालयातील क्रोम ९९, पान उघडते. कार्यालयातील क्रोम १००, पान उघडत नाही. फायरफॉक्स ९९, पान उघडते. थोड्या वेळाने ग्रंथालयातील क्रोमही अद्ययावत होतो, त्याचा आकडा १०० होतो आणि तेथेही तेच वाक्य झळकते. आता कावळ्यावरचा आळ खोटा नाही; फांदी त्याच्याच बसण्याने वाकली, हे प्रयोगाने सिद्ध झाले.

"बाई," वही धरणारी मुलगी हळूच म्हणते, "नव्व्याण्णव चालतो आणि शंभर चालत नाही. त्या वेबसाइटला तीन आकडी संख्या वाचताच येत नसेल का? शंभरातले पहिले दोनच आकडे तिने वाचले, तर ते दहा होतात. आणि दहा म्हणजे फार जुना!"

बाई क्षणभर तिच्याकडे पाहतच राहतात. मुलीने कोडे सोडविले होते.

तिचे म्हणणे कसे बरोबर होते, ते पाहा. ब्राउझर एखाद्या वेबसाइटकडे जातो, तेव्हा आपले नाव आणि आवृत्तीचा आकडा तिला सांगतो. काही वेबसाइटी फार जुन्या ब्राउझरना दाराशीच अडवितात. ज्यांनी ह्या वेबसाइटची घडण केली, त्यांनी आवृत्ती दोनच आकड्यांची असणार असे गृहीत धरले होते. एखाद्या नोंदवहीत वयाच्या रकान्यात दोनच चौकटी आखल्या आणि गावातील एखादे आजोबा शंभर वर्षांचे झाले, तर त्यांचे वय दहा असे नोंदले जाईल. तसाच हा प्रकार झाला. सन २००० उजाडताना संगणकांच्या जगात जी मोठी चिंता पसरली होती, तिचेही मूळ असेच होते. वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठविण्याची रीत पडली होती, त्यामुळे '००' हे २००० की १९०० हे यंत्राला कळेना.

हा प्रसंग काल्पनिक असला, तरी शंभराच्या आकड्याची धास्ती खरी होती. २००९ साली ऑपेरा हा ब्राउझर नवव्या आवृत्तीवरून दहाव्या आवृत्तीकडे गेला. त्याची चाचणी चालू असतानाच असे आढळले की, कित्येक वेबसाइटी आवृत्तीचा पहिलाच आकडा वाचतात आणि दहाव्या आवृत्तीला पहिली समजतात. शेवटी ऑपेरा तयार करणाऱ्यांनी एक युक्ती योजली. ओळखीच्या ठरलेल्या जागी त्यांनी '९.८०' हाच आकडा ठेवला आणि खरा आकडा ओळीच्या शेवटी लिहिला. हा धडा क्रोम आणि फायरफॉक्स तयार करणारे विसरले नाहीत. शंभरावी आवृत्ती येण्याच्या कित्येक महिने आधी त्यांनी आपल्या ब्राउझरना 'मी शंभरावा आहे' असे मुद्दाम सांगावयास लावून वेबसाइटी तपासल्या, दोष आढळले ते कळविले आणि वेबसाइटवाल्यांनाही अशी चाचणी घेण्याची सोय करून दिली. फारच गोंधळ झाला, तर आकडा काही काळ ९९ वरच थांबविण्याची तयारीही त्यांनी ठेवली होती. २९ मार्च २०२२ रोजी क्रोमची आणि ३ मे २०२२ रोजी फायरफॉक्सची शंभरावी आवृत्ती आली. पूर्वतयारी केल्यामुळे मोठा अनर्थ झाला नाही.

आपल्या प्रसंगातील शाळेने तो दोष त्या वेळी कळविला नसता, तर काय झाले असते? मे महिन्यात फायरफॉक्सचाही आकडा १०० झाला असता आणि तेही दार बंद झाले असते. दुसरा ब्राउझर वापरणे हा तात्पुरता उपाय आहे. त्याने आपली वेळ निभावते, दोष मात्र जागच्या जागी राहतो.

आकड्याचा बिघाड हा ह्या प्रकारातील एकच नमुना झाला. आणखी दोन खरी उदाहरणे पाहू. २०१८ सालच्या एप्रिलमध्ये क्रोमची ६६ वी आवृत्ती आली. पान उघडताच काही पाने एकाएकी मोठ्याने वाजू लागत आणि लोक दचकत; म्हणून मनुष्याने पानावर काही केल्याशिवाय आवाज सुरू होऊ द्यावयाचा नाही, असा नियम तिच्यात घातला गेला. हेतू चांगला होता, परंतु ब्राउझरमध्ये खेळावयाचे कितीतरी खेळ आणि संगीताचे प्रयोग त्यामुळे मुके झाले. ते रचणाऱ्यांनी तक्रारी केल्या. मे महिन्यात गूगलने त्या प्रकारच्या आवाजापुरता नियम मागे घेतला, दुरुस्तीला वेळ दिला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ७१ व्या आवृत्तीत तो सुधारून पुन्हा आणला.

दुसरे उदाहरण ह्याहून गंभीर आहे. आपण आणि वेबसाइट ह्यांच्यामधील बोलणे तिसऱ्याला वाचता येऊ नये म्हणून ते कुलूपबंद करून पाठविले जाते. त्या कुलपाच्या पद्धतीला टीएलएस म्हणतात. तिचा १९९९ सालचा आणि २००६ सालचा असे दोन नमुने कालांतराने कमकुवत ठरले. २०२० साली ते बंद करण्याचे प्रमुख ब्राउझर तयार करणाऱ्यांनी २०१८ मध्येच जाहीर केले होते. त्याप्रमाणे १० मार्च २०२० रोजी आलेल्या फायरफॉक्सच्या ७४ व्या आवृत्तीत जुनी कुलपे बंद झाली. परंतु नेमक्या त्याच दिवसांत कोरोनाची साथ जगभर पसरली. रोगाची माहिती देणाऱ्या काही सरकारी वेबसाइटी अजून जुन्याच कुलपावर चालत होत्या. ब्राउझर बदलला म्हणून त्या उघडेनाशा झाल्या, तर लोकांना जीवनमरणाची माहिती कोठून मिळणार? फायरफॉक्स तयार करणाऱ्या मोझिला ह्या संस्थेने तो बदल मागे घेतला आणि जुनी कुलपे तात्पुरती पुन्हा चालू केली. ३० जून २०२० रोजी ७८ व्या आवृत्तीत ती पुन्हा बंद करण्यात आली. सुरक्षितता महत्त्वाची खरी. परंतु संकटकाळी मनुष्याची गरज ओळखून क्षणभर थांबणे, ह्यातही शहाणपण असते.

ह्या तिन्ही उदाहरणांवरून वेबसाइट घडविणाऱ्यांनी घ्यावयाचा बोध एकच आहे. ब्राउझरचे नाव आणि आकडा पाहून त्याची योग्यता ठरवू नये; आपल्याला हवे ते काम त्याला येते की नाही, हे पाहावे. 'तुझी आवृत्ती कितवी?' ह्या प्रश्नापेक्षा 'तुला हे करता येते का?' हा प्रश्न अधिक चांगला. नवी आवृत्ती सर्वांना मिळण्यापूर्वी तिची चाचणीप्रत मिळू शकते. ती घेऊन आपली पाने अगोदरच तपासून ठेवावीत. माणसांच्या बाबतीतही हा नियम काही वाईट नाही.

आपल्यासारख्या वाचकांनी काय करावे, तेही थोडक्यात सांगतो. वर सांगितलेल्या क्रमाने शोध घ्यावा. खासगी खिडकीत पान उघडले, तर एक्स्टेंशने एकेक करून बंद करावीत आणि कोणते बंद केल्यावर पान सुधारते ते पाहावे. कुकी पुसावयाच्या झाल्यास त्या एका वेबसाइटच्याच पुसाव्यात. आणि त्यापूर्वी आपला पासवर्ड हाताशी आहे, अर्धवट भरलेला मजकूर दुसरीकडे उतरविला आहे, ह्याची खात्री करावी. एफ१२ ही कळ दाबल्यास पुष्कळ संगणकांवर ब्राउझरचे तपासणीचे दालन उघडते आणि तेथील 'कन्सोल' ह्या भागात चुका लाल अक्षरांत लिहिलेल्या दिसतात. त्या वाचून उतरून घ्याव्यात. मात्र कोणी सांगितले म्हणून तेथे काही लिहू किंवा चिकटवू नये. त्या मार्गाने आपले खाते चोराच्या हाती जाऊ शकते.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पान उघडावे म्हणून जुना ब्राउझर पुन्हा बसवू नये. बुजविलेल्या फटी त्याने पुन्हा उघड्या होतात. धोक्याची सूचना दिसत असता ती डावलून पुढे जाऊ नये. 'मी वेबसाइट दुरुस्त करून देतो, आलेला ओटीपी सांगा' असे म्हणणाऱ्या अनोळखी मनुष्याला तो कदापि सांगू नये. अडचणीत सापडलेला मनुष्य घाईत असतो, हे लबाड लोकांना चांगले ठाऊक असते.

शेवटी, दोष सापडला तर तो वेबसाइट चालविणाऱ्यांना कळवावा. पत्र रागाचे नसावे, माहितीचे असावे. कोणता संगणक, कोणता ब्राउझर, कितवी आवृत्ती, काय केले, काय होणे अपेक्षित होते आणि काय झाले, एवढ्या सहा गोष्टी त्यात असल्या की दुरुस्त करणाऱ्याचे अर्धे काम होते. आपल्या प्रसंगातील मुलीने वहीच्या एका पानावरून असेच पत्र लिहिले असते, तर तिला कधीही न भेटणाऱ्या कितीतरी मुलींचे अर्ज वेळेवर पोहोचले असते. बिघाड शोधण्याची विद्या केवळ यंत्रांसाठी नाही. न चिडता पाहणे, एका वेळी एक गोष्ट तपासणे, पुरावा मिळेपर्यंत कोणावर आळ न घेणे आणि कळलेले दुसऱ्याच्या उपयोगी पाडणे, ह्या सवयी जन्मभर पुरणाऱ्या आहेत.

स्वाध्याय

शब्दार्थ : अद्ययावत – आजपर्यंतच्या बदलांसह असलेला. आवृत्ती – सुधारून काढलेली नवी प्रत. गृहीत धरणे – पुरावा नसता खरे मानून चालणे. आळ – खोटा आरोप. अनर्थ – मोठे नुकसान. डावलणे – दुर्लक्ष करून पुढे जाणे.

प्रश्न १. पुढील प्रश्नांची प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सर्नने वर्ल्ड वाइड वेबचे तंत्र सर्वांना केव्हा खुले केले?
(आ) वेबसाइटचे पान आपल्या संगणकाकडे कोणत्या रूपाने येते?
(इ) संगणकाचे घड्याळ चुकलेले असल्यास काय घडू शकते?

प्रश्न २. कारणे सांगा.
(अ) बाईंनी एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा नियम घालून दिला.
(आ) खासगी खिडकीत पान उघडले नाही, तरी तो प्रयत्न वाया गेला नाही.
(इ) मोझिलाने २०२० साली केलेला बदल काही काळ मागे घेतला.

प्रश्न ३. 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ' ही म्हण पाठात कोठे आली आहे? ग्रंथालयातील संगणकावरच्या प्रयोगामुळे ती ह्या प्रसंगाला का लागू पडत नाही, ते पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.

प्रश्न ४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : हिरमुसले होणे, दृष्टी टाकणे, वेळ निभावणे, आळ येणे.

प्रश्न ५. 'नंतर' आणि 'मुळे' ही शब्दयोगी अव्यये वापरून प्रत्येकी दोन वाक्ये लिहा व त्यांच्या अर्थांतील भेद सांगा.

उपक्रम : आपल्या शाळेतील किंवा घरातील एखादी बिघडलेली वस्तू निवडा. पाठातील मुलीप्रमाणे वहीत क्रमाने नोंदी करा आणि दुरुस्त करणाऱ्याला उद्देशून सहा मुद्द्यांचे पत्र लिहा. विजेच्या वस्तूला मात्र मोठ्या माणसाशिवाय हात लावू नका.